सत्तेचाळिसाव्या वर्षी विज्ञान शिक्षिका व्हायचंय, पण भौतिकशास्त्राचं काय करू?

निळा_लिटमस:
नमस्कार. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून मी औषधांच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये आहे. टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने घालून त्यातल्या पदार्थाचं प्रमाण काढणं), एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत), रिपोर्टवर सह्या. काम मनापासून आवडतं. पण शाळेत विज्ञान शिकवायची इच्छा बरीच वर्षं आहे आणि आता घरच्या जबाबदाऱ्या थोड्या सैल झाल्यात. भाचीला एकदा टायट्रेशन दाखवलं होतं. रंगहीन द्रावण एका थेंबाने गुलाबी झालं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, आधीच्या थेंबांनी मग काय केलं?" इतका नेमका प्रश्न मला लॅबमध्ये कधी कुणी विचारला नव्हता.

अडचण अशी की शाळेत विज्ञान म्हणजे तिन्ही विषय आले. माझं भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटलं. शिवाय वर्गभर मुलं माझं ऐकतील का? या वयात हे जमवलेलं कुणी आहे का इथे?

लंबक:
ताई, जरूर या. मी कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो, पन्नाशीच्या तोंडावर शिक्षक झालो. विषय विसरल्याची भीती सगळ्यात आधी जाते. पाठ्यपुस्तक आणि त्याच्या वरच्या इयत्तेचं पुस्तक नीट वाचलं की बरंचसं परत येतं. खरी मेहनत वेगळीच असते. मुलांच्या डोक्यात आधीपासून काय बसलंय ते हुडकावं लागतं.

एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा द्या आणि म्हणा, पेटवून दाखवा. पुष्कळ मुलं वायरचं एक टोक सेलला लावतात, दुसरं बल्बच्या बुडाला, आणि वाट बघत बसतात. त्यांचं चुकतं कुठे? दिव्याकडे जाताना त्यांना एकच केबल दिसते, आत दोन तारा असतात हे कुणी उघडून दाखवलेलं नसतं. बल्बचं बूड सेलच्या एका टोकावर टेकवून, वायर दुसऱ्या टोकापासून बल्बच्या धातूच्या कडेला आणली की तो पेटतो. ते एखादीला सापडतं आणि मग सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती.

आता दोन बल्ब एकसरीत जोडा. विचारा, पहिल्या बल्बच्या आधी करंट जास्त की नंतर? "आधी जास्त, बल्बने थोडा खाल्ला ना," असं उत्तर हमखास येतं. अ‍ॅमीटर, म्हणजे करंट मोजायचं यंत्र, आधी लावा, मध्ये लावा, शेवटी लावा. आकडा तोच. मग कुणीतरी विचारतंच, "सर, मग बल्बने खाल्लं काय?" करंट तेवढाच राहतो, खर्च होते ती सेलमधली ऊर्जा, हे सांगायची वेळ ती. त्याआधी सांगितलं तर वहीत उतरतं, डोक्यात उतरत नाही. आयुष्यभर पॅनेल उघडणाऱ्या मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण उत्तर आधीच ठाऊक होतं. भौतिकशास्त्र तुम्ही नव्याने शिकणार आहात, त्यामुळे असे प्रश्न तुम्हाला स्वतःलाच पडतील. माझ्या मते हा तुमचा मोठा फायदा आहे.

खडू_डस्टर:
मी पहिल्यापासून शिक्षिकाच. लंबकदादांशी सहमत, फक्त वर्ग सांभाळण्याबद्दल थोडं. बाहेरून आलेल्यांना शांतता सोसत नाही, प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देतात. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात, गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. मनात आकडे मोजा, पण थांबा.

आणि राजीनामा आत्ताच नको. आधी एखाद्या शाळेत मागच्या बाकावर बसून तास बघा, शक्यतो दुपारचे शेवटचे. वह्या तपासणं, पेपर काढणं, पालकांना भेटणं यात किती वेळ जातो तेही विचारून घ्या. पगाराचा हिशेब घरात मोकळेपणाने मांडा.

निळा_लिटमस:
दोघांचेही मनापासून आभार. एका शाळेने आठवीवर एक तास घेऊ द्यायचं कबूल केलंय. टायट्रेशनच घेऊ का? गटागटांचे आकडे वेगळे आले तर काय करायचं?

लंबक:
घ्या ना! ब्युरेट (थेंब सोडायच्या, खुणा केलेल्या काचनळ्या) पुरत नसतील तर ड्रॉपर द्या, थेंब मोजू द्या. व्हिनेगर पाणी घालून पातळ करा, अल्कली अगदी सौम्य ठेवा, चष्मे सगळ्यांना.

आकडे वेगळे यायलाच हवेत. तुमच्या लॅबमध्ये नोंद खोडरबराने पुसत नाहीत. एक रेघ मारायची, शेजारी नवा आकडा, सही, तारीख. शाळेत नेमकं उलट चालतं. शेजारच्या गटाचे वीस थेंब दिसले की आपले सव्वीस पुसून वीस केले जातात. हे बघताना मला फार वाईट वाटतं. तेव्हा पेनानेच लिहायला सांगा, सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर घ्या आणि सव्वीसवाल्यांना विचारा, ड्रॉपर कसा धरला होता? तिरका आणि सरळ धरला की थेंबाचा आकार बदलतो. ते त्यांनाच करून बघू द्या, तासातली दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवा.