कोथरूडच्या सोफ्यावरून युद्ध

अश्दोदची मावशी (२३ मे २०२१)
इस्रायल-गाझा युद्धबंदीला दोन दिवस होत नाहीत तोच कोथरूडकरांनी लिहिलं, "थांबायलाच नको होतं. गाझा एकदाचा सपाट केला की कटकट मिटली." इथे इस्रायलमध्ये अकरा रात्री मी पायात चपला घालून झोपले हो, गाझातून रॉकेटं येत होती. सायरन झाल्यावर आसऱ्याला पळायला आमच्याकडे ४५ सेकंद मिळतात. कटकट मिटत नाही, एवढं मी सांगू शकते. २००८-०९, २०१२, २०१४, आता हे. आमचे लष्करवालेच याला 'गवत कापणं' म्हणतात, म्हणजे ते पुन्हा उगवणारच. २००१ मध्ये गाझातलं कस्साम रॉकेट जेमतेम सीमेलगतच्या स्देरोतपर्यंत यायचं. अश्दोदवर पहिलं रॉकेट पडलं ते २००८च्या डिसेंबरात, आपली मोहीम सुरू झाल्यावर! आता तेल अवीवपर्यंत जातात. मग दर वेळी आपण मोडलं काय?

कोथरूडकर
ताई, तुमचा त्रास कळतो. पण मार खाऊन गप्प बसणाऱ्याला जग मारतच राहतं. २६/११ आम्ही विसरलेलो नाही.

पेणकर, अश्केलोन
मावशी, ४५ सेकंदांचं कौतुक सांगू नका. आम्हाला ३०, स्देरोतला १५. नातू अजून अंथरूण ओलं करतो, नऊ वर्षांचा घोडा. आणि मोहिमेमुळे रॉकेटांना पाय फुटले म्हणता? ती आधीच आणून ठेवलेली होती. २००५ मध्ये आपण गाझातून आपला शेवटचा माणूस बाहेर काढला, त्याचं काय फळ मिळालं? उत्तरेत बघा. २००६ मध्ये लेबनॉनमधल्या हिजबुल्लाला ३४ दिवस ठोकलं, तेव्हापासून पंधरा वर्षं तिकडची माणसं सुखाने झोपतायत.

अश्दोदची मावशी
सुखाने? लाखाच्या वर रॉकेटं साठवलीत त्यांनी, असं आपलंच लष्कर सांगतं. याला शांतता म्हणायचं तर म्हणा. आणि २००५चं सांगता तर २००७ पासूनची गाझाची नाकेबंदीही सांगा.

दिमोना ६३
तुमचं ठोका-थांबा चालू द्या. माझ्या इमारतीत ममाद, म्हणजे घरातली जाड भिंतींची सुरक्षित खोली, नाही, त्यावर कोणी बोलेल का? नव्या घरांना सक्ती, जुन्यांना देव. मिक्लात, म्हणजे सगळ्यांचा बंकर, खाली, लिफ्ट नाही, मी तिसऱ्या मजल्यावर, दोन्ही गुडघे गेलेले. सायरन झाला की मी जिन्यात बसून शेमा ही आपली प्रार्थना म्हणते. कोकणातून आलो तेव्हा आम्हा बेने इस्रायलींना, मराठी यहुद्यांना, या माळावर आणून टाकलं, चार पांढरपेशे तेल अवीवला गेले. वर १९६२ मध्ये रब्बी विचारत होते, तुम्ही खरे यहुदी का? विमानं उडवायला पैसा आहे, भिंत बांधायला नाही!

पेणकर, अश्केलोन
आजी, हे खरं आहे. अश्केलोनमध्ये केरळची ती काळजीवाहू बाई रॉकेटने गेली, तीही घरातच. पण भिंत बांधून रॉकेट थांबत नाही.

दिमोना ६३
बाँब टाकून तरी कुठे थांबलं? भिंतीआड निदान माणूस वाचतो.

रोहा ते लोद
भिंतीचं निघालंच आहे तर नेगेव वाळवंटातल्या बदावी अरबांच्या बिनमान्यतेच्या वस्त्यांत जाऊन बघा. ना सायरन, ना मिक्लात. रॉकेटं हवेतच पाडणाऱ्या आयर्न डोमच्या हिशेबी ती मोकळी जागा. २०१४ मध्ये दिमोनाजवळ त्यांचा एक माणूस रॉकेटने मेला. तोही इस्रायली नागरिकच होता.

पेणकर, अश्केलोन
झालं, आता सगळ्या जगाची दुखणी आणा इथे. गाझातल्या मुलांचं कोणी काढलं नाही अजून, हे नशीब.

अश्दोदची मावशी
मी काढते. साठाहून अधिक मुलं गेली अकरा दिवसांत. इकडेही दोन गेली. आकडे मांडून तुम्हाला हरवायचं नाही मला, पण तिकडे सायरनही नसतो.

पेणकर, अश्केलोन
मुलांआड रॉकेटं कोण लपवतं, तेही लिहा. उत्तर दिलंच पाहिजे. मात्र दर तीन-चार वर्षांनी तेच उत्तर, याचा मलाही वीट आलाय. घ्या, एवढं मान्य. नाचू नका आता.

कोथरूडकर
म्हणजे शेवटी ठोकायला हवं, हेच ना?

दिमोना ६३
बाळा, तुझ्या सोसायटीत लिफ्ट आहे का?