दुर्गम तालुक्यांसाठी डॉक्टर घडवण्याचा खर्च शासनाने उचलावा का?

प्रश्न: शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना १ वर्षाची बंधपत्रित सेवा (शासकीय रुग्णालयात सक्तीची नोकरी) असते, पूर्वी १० लाख रुपये दंड भरला की सुटकाही होत असे. तरीही कोल्हापूर जिल्ह्यातल्या गगनबावड्याची अडलेली बाळंतीण अनेकदा कोल्हापूर शहरातल्या सीपीआर रुग्णालयात पाठवावी लागते आणि चंदगडकर बेळगाव गाठतात. मग सार्वजनिक पैसा नेमका कशावर खर्चावा?

उत्तर १: दंडावर भिस्त ठेवण्यापेक्षा पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या जागाच गडहिंग्लजसारख्या उपजिल्हा रुग्णालयांत निर्माण करून त्यांचे विद्यावेतन शासनाने द्यावे, असे माझे मत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सध्या ३ महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात, काढावे लागतात. तेवढ्यात फार तर केसपेपरची खिडकी ओळखीची होते.

उत्तर २: सहमत, पण केवळ विद्यावेतनाने भागणार नाही. पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा नसेल, तर सिझेरियन शिकवणार कोण आणि कोठे? शिकवणाऱ्या तज्ज्ञांची पदे आधी भरावीत. (निवासस्थानांच्या गळक्या छपरांचा विषय तर वेगळाच!)

प्रश्नकर्ता: पटले. जिल्हा नियोजन समितीकडे निवेदन देताना अध्यापकांची पदे आणि विद्यावेतन या दोन्ही मागण्या एकत्रच मांडू.

उत्तर १: निवासस्थाने वगळू नका, कुटुंब राहू शकले नाही, तर डॉक्टर टिकत नाही.