मदत हवी आहे: गुरामी मासा (नर) खात नाहीये

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितेय. साठ लिटरच्या टाकीत तीन गुरामी आहेत, एक नर, दोन माद्या. गुरामी वर येऊन हवा घेतो, त्याला तसा अवयवच असतो, हे ठाऊक आहे. पण तीन दिवस झाले, नर वरच्या कोपऱ्यातच थांबतोय, पर मिटलेले, खाणं टाकलंय. अंड्यांसाठी नर करतो ते बुडबुड्यांचं घरटंही केलेलं नाही. दुपारी टाकीतलं पाणी ३३ अंशांवर जातं. नळाला पाणी चार दिवसांआड, म्हणून गेल्या वेळी अर्धं पाणी एकदम बदललं. क्लोरीन उडावं म्हणून रात्रभर बादलीत ठेवलं होतं. तेच चुकलं का? बर्फाची बाटली सोडू, की पाणी झपकन गार होऊन त्याला आणखी त्रास होईल? लेक शाळेतून आली की दप्तरासकट टाकीपाशीच जाते. अनुभवी असाल तर कृपया आजच सांगा.