मदत हवी आहे : ड्रायव्हर थांबवताना डेडलॉक होतो (दोन कामे एकमेकांसाठी कायमची अडकतात), म्युटेक्स नेमका कुठे सोडावा?

नमस्कार. मी नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीमधील एका छोट्या कंपनीत लिनक्स कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे) ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला जोडलेली कार्डे चालवणारे प्रोग्रॅम, लिहितो. यंत्रांची कंपने मोजणारे आमचे पीसीआय एक्स्प्रेस कार्ड (संगणकाच्या आत बसणारे) ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात बसवलेले आहे. तिथे शुक्रवारी सुट्टी असल्यामुळे गुरुवारी संध्याकाळी मोजणी थांबवली जाते. बहुतेक वेळा ती नीट थांबते; पण अधूनमधून थांबवणारा प्रोग्रॅम अडकतो, १२० सेकंदांनी कर्नलच्या लॉगमध्ये टास्क अडकल्याची नोंद येते, तो प्रोग्रॅम किल करूनही मरत नाही आणि शेवटी ऑपरेटरना संगणकाचे बटण दाबावे लागते. त्यात त्या दिवसाची शेवटची मोजमापे जातात, याचे मला फार वाईट वाटते.

ड्रायव्हरमध्ये इंटरप्ट हँडलर (कार्डाने इंटरप्ट म्हणजे लक्ष वेधणारा इशारा दिला की हातातले काम थांबवून चालणारा कोड) कार्डावरचे नमुने रिंग बफरमध्ये (गोलाकार वापरल्या जाणाऱ्या साठ्यात) टाकतो आणि पुढचे काम वर्कक्यूकडे (नंतर करायच्या कामांच्या रांगेकडे) सोपवतो. एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून रिंग बफरसाठी स्पिनलॉक आहे (लॉक मिळेपर्यंत जागेवरच फिरत राहायचे), तर कार्डाच्या सेटिंग्जसाठी म्युटेक्स (लॉक मिळेपर्यंत झोपून वाट पाहायची).

शोध घेताना आधी दोन वेगळ्याच चुका सापडल्या. रीड फंक्शनमध्ये मी साधा स्पिन_लॉक घेत होतो. लॉक हातात असताना प्रोसेसरच्या त्याच कोअरवर इंटरप्ट आला, तर हँडलर त्याच लॉकसाठी फिरत राहणार आणि लॉक सोडणारा कोड कधीच पुढे सरकणार नाही. तिथे आता स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह आहे, जो लॉक हातात असेपर्यंत त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद ठेवतो. शिवाय स्पिनलॉक धरूनच कॉपी_टू_यूजर (यूजरच्या प्रोग्रॅमकडे डेटा पाठवणारे फंक्शन) बोलावले जात होते, आणि पेज फॉल्ट आला (हवे ते पान मेमरीत नसले) तर त्या फंक्शनला झोपावे लागू शकते; स्पिनलॉक धरून झोपणे मात्र चालत नाही. आता नमुने लॉकखाली तात्पुरत्या बफरमध्ये घेतो आणि लॉक सोडल्यावर यूजरकडे पाठवतो.

मूळ दुखणे मात्र लॉकडेप चालू केल्यावर कळले. कर्नलमध्ये २००६ पासून असलेले हे साधन प्रत्यक्ष अडकण्याची वाट न पाहता, लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात एवढ्यावरूनच धोका दाखवते. माझे थांबवण्याचे फंक्शन म्युटेक्स धरून कॅन्सल_वर्क_सिंक (वर्कक्यूतले काम रद्द करणारे फंक्शन) बोलावते, ते वर्कक्यूतले चालू असलेले काम संपेपर्यंत थांबते, आणि ते काम सुरुवातीलाच तोच म्युटेक्स मागते. काम त्याच क्षणी चालू असेल तरच दोघे एकमेकांसाठी खोळंबतात, म्हणून ही चूक माझ्या टेबलावर कधी दिसली नाही.

कॅन्सलच्या आधी म्युटेक्स सोडणे हा सरळ उपाय आहे; परंतु म्युटेक्स सुटल्यानंतर दुसऱ्या प्रोग्रॅमने मोजणी पुन्हा सुरू केली, किंवा कॅन्सल झाल्यावर उशिरा आलेल्या इंटरप्टने काम पुन्हा रांगेत लावले, तर मोकळी केलेली मेमरी वापरली जाण्याची भीती आहे, आणि ते डेडलॉकपेक्षा वाईट. म्हणून ‘थांबत आहे’ असा एक फ्लॅग ठेवून तो हँडलरमध्ये तपासण्याचा विचार आहे. हा मार्ग बरोबर आहे का, आणि पायऱ्यांचा क्रम कसा असावा, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद :
मार्ग योग्य आहे, मात्र फ्लॅग तपासणे आणि काम रांगेत लावणे या दोन्ही गोष्टी हँडलरने एकाच स्पिनलॉकखाली कराव्यात, नाहीतर मधल्या फटीतून काम निसटेल. थांबवताना म्युटेक्स धरून, आणि त्याच्या आत स्पिनलॉक घेऊन, फ्लॅग लावा. मग स्पिनलॉक सोडून कार्डाचे इंटरप्ट मास्क करा (कार्डावरच्या रजिस्टरमध्ये लिहून बंद करा) आणि ते रजिस्टर एकदा परत वाचा, कारण पीसीआयवरील लेखन पोस्टेड असते (पोहोचण्याची वाट न पाहता पाठवले जाते) आणि परत वाचल्याशिवाय ते कार्डापर्यंत पोहोचले असे धरता येत नाही. त्यानंतर म्युटेक्स सोडून आधी सिंक्रोनाइझ_आयआरक्यू (चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबणारे फंक्शन) आणि मग कॅन्सल_वर्क_सिंक बोलवा. फ्लॅग लागलेला असताना कोणी मोजणी सुरू करू पाहिली, तर त्याला ईबिझी (‘सध्या व्यस्त’ असा त्रुटीचा कोड) परत द्या. प्रोब फंक्शनमधील (कार्ड सापडल्यावर ते सुरू करणाऱ्या कोडमधील) चूक झाल्यावरची वाटही तपासून पाहा. तिथेही हाच क्रम लागतो आणि तीच बहुधा विसरली जाते.

धागाकर्ता :
मनापासून आभार. प्रोबमधील ती वाट खरोखरच चुकलेली होती, तिथे इंटरप्ट मास्क न करताच मेमरी मोकळी होत होती. दोन्ही ठिकाणे दुरुस्त करून काल रात्रभर मोजणी सुरू-बंद करत ठेवली; लॉकडेपने एकही तक्रार केली नाही. गुरुवारी मी स्वतः वागळे इस्टेटला जाऊन नवा ड्रायव्हर बसवणार आहे आणि मोजणी थांबेपर्यंत तिथेच थांबणार आहे.