अनोळखी बॉक्स आणि ४ जीबीची मर्यादा
'व्हिडिओ फाइलच्या फॉरमॅटमध्ये नवीन काही घातलं की जुने प्लेअर अडणारच' असं म्हटलं जातं, पण ते एमपी४ या फॉरमॅटला सरसकट लागू होत नाही. एमपी४ फाइल 'बॉक्स' नावाच्या तुकड्यांची बनलेली असते आणि प्रत्येक बॉक्सच्या सुरुवातीला ४ बाइट आकार आणि ४ बाइट प्रकाराचं नाव असतं. नाव अनोळखी असलं तरी आकार कळतो, त्यामुळे प्लेअर तेवढे बाइट सोडून पुढे जातो.

पण ४ बाइटांत जेमतेम ४ जीबीचा आकार मावतो. त्याहून मोठा बॉक्स असेल तर आकाराच्या जागी १ लिहितात आणि खरा आकार नावानंतरच्या ८ बाइटांत देतात. आकार आणि नाव मिळून होणारं नुसतं शीर्षकच (हेडर) ८ बाइटांचं, म्हणजे १ हा खरा आकार असूच शकत नाही. तोच मोकळा आकडा खुणेसाठी घेतला. मला ही रचना फार आवडते. एव्हीआय या जुन्या व्हिडिओ फॉरमॅटला याच अडचणीवर ओपनडीएमएल नावाची पुरवणी जोडून एकाच फाइलमध्ये एकामागून एक रिफ तुकडे (एव्हीआयचे सर्वांत बाहेरचे तुकडे) ठेवावे लागले.