गेमिंग सर्व्हरवर जेंडरच्या वादांसाठी नियम कसा लिहायचा? मदत हवी आहे

आमचा डिस्कॉर्डवर (ग्रुप चॅटचं ॲप) आरपीजी गेम्सचा, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या गेम्सचा, सर्व्हर आहे, मी मॉडरेटर आहे. ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड (2024) मधल्या ताशवरून, म्हणजे ते नॉन-बायनरी (स्वतःला फक्त स्त्री किंवा फक्त पुरुष न मानणारं) कॅरेक्टर, वाद सुरू झाला की सुरुवातीला डायलॉग कसे लिहिलेत यावर मस्त चर्चा होते आणि मग कोणीतरी घसरतं थेट "हे लोक असतातच असे" वर. स्टारफील्डमध्ये कॅरेक्टर बनवताना प्रोनाउन (he, she, they अशी सर्वनामं) निवडता येतात त्यावरूनही तेच. आमच्यातले ट्रान्स मेंबर आता व्हॉइस चॅटला येतच नाहीत, आणि हे मला अजिबात चालणार नाही.

करून पाहिलेलं सांगते: वेगळं चॅनल काढलं, तर भांडायलाच लोक तिथे जमले. स्लो मोड (दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर) लावला, राग फक्त उशिरा येतो. शब्दांचा फिल्टर लावला, लोक स्पेलिंग बदलून लिहितात, शिवाय शिवी न देताही माणसाला हिणवता येतंच ना.

विषयावर सरसकट बंदी नकोय, कारण बाल्डर्स गेट 3 मध्ये शरीर, आवाज आणि ओळख वेगवेगळी निवडता येते पण सायबरपंक 2077 मध्ये प्रोनाउन आवाजावरून ठरतात, असल्या गोष्टींवर बोलायलाच तर आम्ही जमतो. कोणाला स्वतःची ओळख उघड करायला लागेल असं काहीही नको. मॉडरेटर मोजकेच आहेत, सगळे फावल्या वेळात करतात, त्यामुळे नियम छोटा आणि पटकन लावता येईल असा हवा.

तर कॅरेक्टरच्या लिखाणावर टीका चालेल पण खऱ्या माणसांच्या ओळखीवर नाही, ही रेषा तुमच्या सर्व्हरवर नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिलीये, आणि पहिल्यांदा मोडली तर लगेच टाइमआउट (काही वेळ बोलायला बंदी) देता की आधी पर्सनल मेसेज करता?