मदत हवी: रिक्वायरमेंट (म्हणजे कामाच्या अटी) सांभाळायचं सॉफ्टवेअर अकरा जणांच्या वर्कशॉपला झेपेल का?

पऱ्हाटी

पांढरकवड्याला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पाण्यातलं फ्लोराइड काढायची लहान यंत्रणा बनवतो. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाची टाकी, पंप, पॅनेल, पाइपिंग आणि वर शेड, असं सगळं एकत्र. केळापूर, झरी जामणी, मारेगाव ह्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याबद्दल इकडच्यांना वेगळं सांगायला नको, लेकरांचे दात पाहिले की कळतं. माणसं अकरा. त्यात कॉम्प्युटरवर बसणारे दोघंच, मी आणि बिलं करणारी वहिनी.

आता अडचण. मागच्या वर्षी एका गावच्या कामात निविदेत लिहिलं होतं, शुद्ध पाण्यात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमपर्यंत. दोन महिन्यांनी पत्र आलं, १.० च्या आत द्या. त्यांचंही चूक नाही, आयएस १०५०० ह्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दोन्ही आकडे आहेत. १.० ही स्वीकार्य मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. पत्र माझ्या व्हॉट्सॲपवर आलं, मी मामेभावाला पाठवलं. त्याने हिशोब केला, तेवढ्याच दिवसांनी रिजनरेशन (वापरलेलं ॲल्युमिना धुऊन पुन्हा कामाचं करणं) ठेवायचं तर ॲल्युमिना जास्त लागणार, म्हणून टाकीचा व्यास वाढवला. शेडचं ड्रॉइंग तोवर गवंड्याकडे गेलं होतं. टेम्पोतून टाकी उतरवली आणि मिस्त्रीचा फोन आला, "भाऊ, टाकी दारातून जाऊन नाही राहिली." पाच सेंटिमीटरसाठी चौकट फोडली. गवंडी म्हणाला, "मले कोणी सांगतलंच नाही." खरंच नव्हतं सांगितलं.

दुसरा प्रकार ह्याहून वाईट. ग्रामपंचायतीने म्हटलं होतं, लाइन आली की पंप आपोआप सुरू झाला पाहिजे. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, दरवेळी कोण धावणार? वायरमनने तसंच पॅनेल करून दिलं. मग एक दिवस आमचा पोरगा संप (जमिनीतली पाण्याची टाकी) धुवायला उतरला असताना लाइन आली. काही झालं नाही, पण मला ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता नागपूरचा एक मोठा ठेकेदार म्हणतो, यापुढे कामासोबत ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स द्या. म्हणजे प्रत्येक अट कुठून आली, कोणत्या ड्रॉइंगमध्ये उतरली आणि कोणत्या चाचणीने तपासली. सध्या सगळं एक्सेलमध्ये आहे. शोधलं तर डोअर्स, पोलेरियन, जामा अशी नावं येतात. विचारायचं एवढंच: हे आमच्या कामाचं आहे का? मराठीत लिहिता येईल असं काही? आणि साइटवर नेट नसतं, त्याचं काय?

बंडी उलार

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या घरी वही कोणी भरत नाही, त्या घरी सॉफ्टवेअर कोण भरन? पत्र आलं तवा गवंड्याले एक फोन केला असता तर चौकट वाचली असती.

पऱ्हाटी

राग नाही दादा. पण त्या पत्राने टाकी, शेड, पाया, स्टँडची उंची आणि ॲल्युमिनाची ऑर्डर, एवढं सगळं हललं. मला गवंडी आठवलाच नाही, ही खरी गोष्ट आहे. फोन कुणाकुणाला करायचा हेच कळत नाही.

खारपाणपट्टा

हे शेवटचं वाक्य तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. एक अट बदलली की कोणाकोणाला फोन करायचा, त्याची यादी देणं हेच ह्या सॉफ्टवेअरचं मुख्य काम. बाकी साठवण तर एक्सेलही करतं.

मी पुण्यात गाड्यांच्या एका कंपनीत बरीच वर्षं डोअर्सवर काम केलं, आता अकोल्याला परत आलोय. डोअर्स जुनं आहे. टेलिलॉजिक कंपनीकडे होतं, २००८ मध्ये ती कंपनीच आयबीएमने घेतली. विमानं, रेल्वे, संरक्षण अशा हजारो अटींच्या कामांसाठीचं ते हत्यार. आमच्याकडे नुसतं ते सांभाळायला माणूस होता. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. एका कामात तुमच्या अटी किती? आणि कामं एकसारखी असतात का?

पऱ्हाटी

सव्वाशे-दीडशे. सध्या सात गावं चालू आहेत, बहुतेक अटी त्याच. स्रोताचं पाणी, लोकसंख्या आणि जागा तेवढी बदलते. जलजीवनचे माणशी रोज ५५ लिटर तर सगळीकडेच.

खारपाणपट्टा

मग आधी सॉफ्टवेअर नको, आधी वाक्यं सुधारा. २००९ मध्ये रोल्स-रॉइसच्या इंजिनिअरांनी विमानाच्या इंजिनाच्या अटी लिहिताना ईअर्स नावाची पद्धत मांडली. अट ठरावीक साच्यातच लिहायची: व्हेन, व्हाइल, इफ-देन, व्हेअर. इंग्रजीत लोकांना ते शिकवावं लागतं. आपल्याकडे जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, जर-तर, जिथे-तिथे ह्या जोड्या घरातल्याच आहेत. तुमची पंपाची अट अशी लिहा:

"जेव्हा तिन्ही फेज परत येतील, तेव्हा पॅनेल ६० सेकंद थांबून पंप सुरू करील."
"जोपर्यंत देखभालीचा स्विच लावलेला आहे, तोपर्यंत लाइन आली तरी पॅनेल पंप सुरू करणार नाही."

दुसरं वाक्य लिहायला बसलं की प्रश्न आपोआप पडतो, असा स्विच आहे का आपल्याकडे? (६० हा आकडा मी टाकला, तुमचा तुम्ही ठरवा. आणि संपमध्ये उतरताना स्विचवर विसंबू नका, मेन काढून कुलूप लावा.)

एका वाक्यात एकच अट आणि प्रत्येकीला कायमचा क्रमांक. ओळ रद्द झाली तरी तो क्रमांक दुसरीला द्यायचा नाही. "शक्यतो", "व्यवस्थित", "चालेल" हे शब्द बंद. त्यातही "चालेल" फार घातक. ते बंधन आहे, सवलत आहे की नुसतं सौजन्य, हे सहा महिन्यांनी बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तिसरा मजला

वरच्या सगळ्याला अनुमोदन. त्यानंतर डोअरस्टॉप बघा. फुकट आहे, ओपन सोर्स. प्रत्येक अट म्हणजे एक छोटी मजकुराची फाइल, आणि सगळ्या फाइली गिटमध्ये, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. काम लॅपटॉपवरच होतं, नेट नसलं तरी अडत नाही, गावात आलं की सिंक करा. मुख्य फायदा असा की वरची अट बदलली की तिला जोडलेल्या खालच्या अटींचे दुवे संशयित म्हणून दिसतात. कुणीतरी तपासून "पाहिलं" म्हणेपर्यंत इशारा जात नाही. १.५ चं १.० केलं असतं त्याच दिवशी शेडच्या दाराची ओळ डोळ्यांत खुपली असती. अर्थात ती ओळ लिहिलेली आणि जोडलेली असती तर.

तोटा म्हणजे गिट शिकावं लागतं आणि कमांड टाइप कराव्या लागतात. वहिनींना आठवडा लागेल, मिस्त्रींना ते दाखवूही नका. त्यांना छापील कागद द्या. स्ट्रिक्टडॉक म्हणून दुसरं आहे, तेही फुकट, तेही चाळून बघा.

सात गावांच्या सात नकला मात्र करू नका, तिथेच सगळे फसतात. सामायिक अटींचा एक मूळ संच, आणि गावागावाचा छोटा संच त्याला जोडलेला. काही विकत घ्यायची वेळ आलीच तर विक्रेत्याला दोन गोष्टी समोर करून दाखवायला सांगा. एक, आपला सगळा माल रेकिफमध्ये बाहेर काढता येतो का. हा अटींच्या देवाणघेवाणीचा खुला फॉरमॅट आहे, नाहीतर त्यांच्याच खुंटीला बांधले जाल. दोन, मराठी अहवाल पीडीएफमध्ये काढून जोडाक्षरं नीट येतात का ते बघा. "फ्लोराइड" आणि "व्यास" हे दोन शब्द टाकले तरी पुरे.

आणि त्या ठेकेदाराला मॅट्रिक्स कशात हवंय ते विचारलंत का?

पऱ्हाटी

आज विचारलं. एक्सेलच हवंय त्याला! म्हणजे घाई नाही.

पंधरा दिवसांनंतरची भर: सॉफ्टवेअर अजून घेतलं नाही. एका गावच्या अटी जेव्हा-तेव्हा करून लिहिल्या, १३१ झाल्या. वहिनीने शेवटी एक रकाना वाढवला, "ही बदलली तर कोणाले सांगायचं". दादा, हा तुमचा फोन. त्यात गवंड्याचं नाव नऊ ठिकाणी आलं. डोअरस्टॉप लॅपटॉपवर टाकलंय, पहिल्या तीस ओळी त्यात चढवल्या. गिटने दोनदा रडवलं.

एक प्रश्न उरतो. मंजुरीनंतर अटी गोठवायच्या म्हणतात, पण आमच्याकडे तोंडी बदल चहाच्या टपरीवर होतात. ते कसे नोंदवता? ठेकेदाराच्या माणसाकडून सही मागितली तर तोंड वाकडं होतं.

कागद छापून मिस्त्रींना दिला होता. आत्ता येऊन सांगून गेले, "भाऊ, २७ आन् ८८ एकमेकीले काटून राहिल्या." बघतो.